दवाखान्यात बीपी जास्त येतं आणि घरी नॉर्मल? मग घरी असं मोजा आणि डॉक्टरांना असं दाखवा

डॉक्टरांनी पट्टा गुंडाळला, हवा भरली आणि म्हणाले १६०/९५, आणि घरी येऊन मशीनवर बघितलं तर १२८/८०. असं झालं की घरात लगेच दोन पार्ट्या पडतात. एकीचं म्हणणं मशीन भिकार आहे, डॉक्टर सांगतात तेच खरं, दुसरीचं म्हणणं डॉक्टरांना काय, गोळ्या चालू करायला निमित्तच पाहिजे असतं, तुला काही झालेलं नाहीये. माझं म्हणणं असं की दोघांनीही जरा थांबा. बीपी दिवसभर वरखाली होतच असतं, जिना चढलात की वाढतं, झोपलात की उतरतं, त्यामुळे एकदाच मोजलेल्या आकड्यावर, मग तो दवाखान्यातला असो की घरचा, गोळीही चालू करू नये आणि निवांतही होऊ नये. आठवडाभर घरी नीट मोजायचं, कागदावर लिहायचं आणि तो कागद डॉक्टरांसमोर ठेवायचा, मग काय ते ठरवायचं. काम सोपं आहे पण मोजण्यात बारीकसारीक गोष्टी खूप आहेत आणि त्या कोणी नीट सांगत नाही, म्हणून सगळं सविस्तर लिहितेय.

आधी एक अपवाद सांगून टाकते कारण तो जिवाशी गाठ असणारा आहे. बीपी १८०/१२० च्या वर आणि सोबत छातीत दुखणं, दम लागणं, एका बाजूचा हातपाय लुळा पडणं, तोंड वाकडं होणं, बोलताना जीभ अडखळणं, एकदम अंधुक दिसणं यातलं काहीही असेल तर कागद पेन सगळं बाजूला ठेवा, १०८ ला फोन करा नाहीतर मिळेल त्या गाडीने मोठं हॉस्पिटल गाठा. आकडा तेवढा आहे पण त्रास काहीच नाही, तर पाच मिनिटं शांत बसवून परत मोजा, तरी तेवढंच आलं तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. आणि कृपा करून कोणाच्या तरी सांगण्यावरून कॅप्सूल टोचून जिभेखाली ठेवू नका. निफेडिपिनची कॅप्सूल अशी द्यायची पद्धत आपल्याकडे बरीच वर्षं होती, पण तिने बीपी धाडकन उतरतं, मेंदूला नि हृदयाला रक्त कमी पडतं आणि त्यातून उलट ॲटॅक किंवा पॅरालिसिस होऊ शकतो, म्हणून ती बंद करायला सांगितलेली आहे. गरोदर बाईचं पण वेगळं असतं, तिचं १४०/९० किंवा वर आलं तर आठवडाभर मोजत बसायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं, आणि डोकं खूप दुखतंय, डोळ्यांपुढे चमकतंय, पोटात वरच्या बाजूला दुखतंय किंवा बीपी १६०/११० पर्यंत गेलंय तर थेट हॉस्पिटल.

दवाखान्यात का वाढतं

दवाखान्यात १४०/९० किंवा वर आणि बाहेर नॉर्मल, याला डॉक्टर लोक व्हाईट कोट हायपरटेन्शन म्हणतात. लोकांना वाटतं हे घाबरट माणसांचं काम असेल, आणि घरचेही चिडवतात की एवढं काय घाबरायचं. तसं अजिबात नाहीये हो, वरून एकदम शांत दिसणाऱ्या माणसाचंही वाढतं कारण ते शरीर आपलं आपण करतं, त्यावर आपला ताबा नसतो. १९८३ मध्ये इटलीत ज्युझेप्पे मांचिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे फार छान दाखवलं. हॉस्पिटलमध्ये ॲडमिट असलेल्या लोकांच्या धमनीतच बारीक नळी घालून त्यांनी बीपी सतत नोंदवत ठेवलं आणि मग डॉक्टरांना पट्टा घेऊन बीपी मोजायला पाठवलं. डॉक्टर आल्यावर पहिल्या चार मिनिटांतच वरचं बीपी सरासरी २७ ने आणि खालचं १५ ने चढलं, आणि मग हळूहळू उतरत दहा मिनिटांत जवळपास जागेवर आलं. पुढे त्यांनी नर्सला पाठवून बघितलं तर वाढ बरीच कमी होती. विचार करा, आपल्याकडे डॉक्टरांच्या केबिनमधली पूर्ण भेटच कितीदा पाच मिनिटांत आटपते, म्हणजे बीपी नेमकं सगळ्यात जास्त चढलेलं असतानाच पट्टा लागतो.

आपल्याकडचं म्हणाल तर इंडिया हार्ट स्टडी म्हणून एक मोठा अभ्यास झालाय, डॉ. उपेंद्र कौल त्याचे प्रमुख होते, २०१९ मध्ये त्याचे आकडे आले. १५ राज्यांतल्या १८,९१८ लोकांचं दवाखान्यातलं आणि घरचं बीपी त्यांनी ताडून बघितलं, आणि पहिल्या भेटीत २४ टक्के लोकांचं दवाखान्यात जास्त घरी नॉर्मल असं निघालं. पण त्याच अभ्यासात १८ टक्के लोक बरोबर उलटे निघाले, म्हणजे दवाखान्यात छान नि घरी जास्त. ही दुसरी मंडळी जास्त काळजीची, त्यांच्याबद्दल पुढे लिहिते.

पण सगळंच त्या पांढऱ्या कोटावरही ढकलून चालत नाही. माझ्या सासऱ्यांना मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी तपासायला नेलं होतं, दवाखाना दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. कठडा धरत धरत ते वर पोचले आणि खुर्चीत टेकतात न टेकतात तोच नाव पुकारलं. पूर्ण बाहीचा सदरा, ती बाही दंडापर्यंत सरकवून अशी घट्ट बसली की खाली कातडीला वळ उठले, त्याच्याखाली पट्टा, हात मांडीवर लोंबतोय, सकाळी तपासणीसाठी पाणी भरपूर प्या सांगितलेलं म्हणून लघवीला लागलेली, आणि हवा भरत असताना तो मुलगा विचारतोय आजोबा कुठल्या गावचे, सोबत कोण आलंय, आणि आजोबा अगदी सविस्तर सांगतायत. आकडा आला १७२/९४ आणि ऑपरेशन पुढे ढकललं. त्या मुलाला दोष देण्यात काही अर्थ नाही, बाहेर तीस माणसं बसलेली होती. पण त्या एका मोजण्यात किती गोष्टींनी बीपी वाढवलं ते बघा. बोलत असताना मोजलं तर वरचं बीपी सहज दहाने किंवा त्याहूनही जास्त वाढतं. लघवी तुंबलेली असेल तरी दहाच्या आसपास. पायावर पाय टाकून बसलं तर आणखी थोडं. हात हृदयाच्या जेवढा खाली तेवढा आकडा वर, साधारण दहा सेंटीमीटर खाली असेल तर सात आठ पॉइंट. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सच्या लोकांनी २०२४ मध्ये फक्त हाताचीच तपासणी केली, हात टेबलावर नीट टेकवलेला, मांडीवर ठेवलेला आणि नुसता बाजूला सोडलेला असे तीन प्रकार, तर मांडीवर ठेवल्याने वरचं बीपी जवळजवळ ४ ने आणि बाजूला लोंबत ठेवल्याने साडेसहाने जास्त आलं. आणि या सगळ्या चुका बहुतेक वेळा एकाच दिशेने जातात, वरच्या.

दवाखान्यात तुमच्या हातात काय आहे

नंबर लागायच्या वीस मिनिटं तरी आधी पोचा. लघवीला जाऊन या. अर्ध्या बाहीचा शर्ट किंवा सैल बाहीचा ब्लाउज कुर्ता घालून जा, म्हणजे बाही गुंडाळायची वेळच येणार नाही, आणि बाही घट्ट असेल तर सरळ हात बाहेर काढा, लाजू नका. अर्धा तास आधीपासून चहा, कॉफी, सिगारेट, तंबाखू काही नको, आणि तंबाखूत मिश्री पण आली बरं का, आपल्याकडे कितीतरी बायका सकाळी मिश्री लावून दवाखान्यात येतात आणि "मी तंबाखू खात नाही" म्हणून सांगतात. पट्टा लागला की पाठ खुर्चीला टेकवा, दोन्ही पाय जमिनीवर, हात टेबलावर, आणि तोंड बंद. डॉक्टरांनी त्याच वेळी काही विचारलं तर हसून एक बोट वर करा, हवा उतरली की उत्तर द्या, कोणी रागावत नाही. आकडा जास्त आला तर एवढंच म्हणा, "डॉक्टर, मी पाच मिनिटं बाहेर बसतो, परत एकदा घ्याल का?" चांगला डॉक्टर नाही म्हणणार नाही, उलट बरेच जण स्वतःहूनच दुसऱ्यांदा घेतात. दोन्ही आकडे फाईलवर लिहून घ्या.

आणखी एक गोष्ट फार बघायला मिळते. उपाशीपोटी रक्त द्यायचं असतं म्हणून लोक त्या दिवशी सकाळची बीपीची गोळीच घेत नाहीत, मग रक्त दिल्यावर तसेच डॉक्टरांकडे जातात आणि बीपी वाढलेलं असतं. घोटभर पाण्याबरोबर बीपीची गोळी बहुतेक वेळा चालते, पण तुमच्या गोळ्यांचं तुमच्या डॉक्टरांना आदल्या भेटीतच विचारून ठेवा.

मशीन कुठलं

दंडाला लावायचं, बटण दाबलं की आपोआप हवा भरणारं मशीन घ्या. मनगटाचं दिसायला सुटसुटीत असतं पण मनगट हृदयाच्या लेव्हलला धरायला जमत नाही आणि आकडे भरकटतात. बोटात घालायची आणि घड्याळातली बीपी मशीन्स या कामाला नकोत. मोबाईलचा कॅमेरा नि बोट लावून बीपी सांगणारी ॲप्स तर मुळीच नकोत. मशीनचं मॉडेल स्ट्राइड बीपी नावाच्या वेबसाईटच्या यादीत आहे का ते घ्यायच्या आधी बघा, तिथे अचूकतेची रीतसर तपासणी झालेली मॉडेल्स दिलेली असतात. महागडं, ब्लूटूथवालं घ्यायची काहीच गरज नाही, पण नुसतं सेलमध्ये स्वस्त मिळालं म्हणूनही उचलू नका.

मशीनपेक्षा जास्त लोक पट्ट्यात फसतात. शिवणकामाची टेप घ्या, खांद्याचं हाड आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये दंडाचा घेर मोजा. मशीनबरोबर येणारा साधा पट्टा बऱ्याचदा २२ ते ३२ सेंटीमीटरसाठी असतो, काहींचा २२ ते ४२ चालतो, पट्ट्यावर छापलेलं असतं. दंड ३५ चा आणि पट्टा ३२ चा असेल तर बीपी आहे त्यापेक्षा जास्तच दाखवणार, मशीन कितीही भारी असू दे. अंगाने भरलेल्या माणसाला दवाखान्यातही बऱ्याचदा लहानच पट्टा लागतो, तिथे मोठा पट्टा आहे का विचारायला हरकत नाही.

आणलेलं मशीन एकदा डॉक्टरांकडे घेऊन जा, त्याच हातावर आधी त्यांचं, मग तुमचं, मग परत त्यांचं असं घेऊन बघा. दोन चार पॉइंटचा फरक असतोच. दरवेळी दहा दहाचा फरक यायला लागला तर पट्टा नाहीतर मशीन बदला. वर्षातून एकदा हे करत राहा.

प्रत्यक्ष मोजायचं कसं

जागा ठरवून टाका. डायनिंग टेबल आणि पाठ असलेली खुर्ची सगळ्यात बरी. सोफ्यावर नको, त्यात माणूस रुततो आणि हात खाली जातो. भारतीय बैठकीवर मांडी घालून तर नकोच, पाय खाली सोडून जमिनीवर टेकले पाहिजेत, उंची कमी असेल तर पायाखाली पाट घ्या. टेबलावर हात ठेवल्यावर पट्ट्याचा मधला भाग छातीच्या मध्याच्या लेव्हलला यायला हवा, बहुतेक घरी टेबल जरा खाली पडतं, मग हाताखाली घडी केलेली चादर किंवा उशी ठेवा. तळहात वर, मूठ सैल. पट्टा उघड्या दंडावर, त्याची खालची कड कोपराच्या घडीपासून दोन बोटं वर, नळी कोपराच्या आतल्या बाजूला खाली येईल अशी, आणि पट्ट्यात दोन बोटं शिरतील इतपतच घट्ट.

मग पाच मिनिटं काहीही करायचं नाही. हे सगळ्यात कठीण आहे कारण आपल्याला नुसतं बसायची सवयच राहिलेली नाही. मोबाईल नाही, टीव्हीवरच्या बातम्या नाहीत, स्वयंपाकघरातून "दूध बघ गं" ओरडणं नाही. पाच मिनिटं झाली की बटण दाबा, आणि आकड्याकडे टक लावून बसू नका, आकडा चढताना बघून पण माणूस टेन्शन घेतो. एक रीडिंग झालं की एक मिनिट थांबून दुसरं घ्या. पहिलं थोडं जास्त येतं, ते नेहमीचंच आहे, म्हणून तर दोन घ्यायची. आवडेल तो आकडा येईपर्यंत मोजत राहायचं नाही, आणि जास्त आलेला आकडा लिहायचा टाळायचाही नाही.

कधी मोजायचं? सकाळी उठल्यावर तासाभराच्या आत, लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, नाश्त्याच्या आधी आणि बीपीची गोळी चालू असेल तर तिच्याही आधी. संध्याकाळी रात्रीच्या जेवणाआधी. संध्याकाळचं सोडू नका, बरेच लोक फक्त सकाळीच मोजतात आणि इंडिया हार्ट स्टडीत आपल्या लोकांचं संध्याकाळचं बीपी सकाळपेक्षा जास्त निघालं होतं. चालून आल्यावर, अंघोळीनंतर लगेच, भांडण झाल्यावर, जेवणावर मोजू नका, अर्धा तास जाऊ द्या. थंडीच्या दिवसांत गार पडलेल्या खोलीतही आकडा वर येतो, तेव्हा स्वेटर घाला पण पट्ट्याखाली बाही नको.

पहिल्या दिवशी दोन्ही हातांवर घ्या. ज्या हाताचं जास्त येतं तोच हात कायमचा धरा. दोन हातांमध्ये दरवेळी १५ च्या वर फरक दिसत असेल तर ते डॉक्टरांना मुद्दाम सांगा, कधीकधी एखादी रक्तवाहिनी अरुंद झालेली असते. ब्रेस्ट कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये काखेतल्या गाठी काढलेल्या असतील किंवा डायलिसिससाठी फिस्टुला (हातातली धमनी नि शीर जोडून केलेली जागा) केलेला असेल तर त्या हातावर पट्टा लावायचा नाही.

आणि दिवसभर सारखं सारखं मोजू नका. ही कळकळीची विनंती आहे. माझ्या एका मावशींना जरा डोकं जड वाटलं की मशीन काढायची सवय लागली होती, आकडा जास्त आला की भीती, भीतीने पुढचा आकडा अजून जास्त, रात्री दोनला उठून पण मोजायच्या. डॉक्टरांनी मशीन मुलाच्या कपाटात ठेवायला लावलं आणि आठवड्यातून ठरलेल्या दोन वेळी तोच काढून देणार असं ठरवलं, तेव्हा कुठे त्या शांत झाल्या.

लिहायचं कसं आणि हिशोब कसा

जुनी वही, डायरी, काहीही चालेल. एक ओळ अशी दिसेल: "मंगळ, स. ६.४०, १३८/८४, १३२/८२, नाडी ७६, रात्री झोप झाली नाही." शेवटचा जो शेरा आहे ना तो फार उपयोगी पडतो, लग्नाचं जेवण, प्रवास, पाळी, ताप, सर्दीची गोळी, गुडघ्याची गोळी असं काही असेल तर लिहा. दुखण्यावरच्या डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या, चोंदलेलं नाक मोकळं करणाऱ्या सर्दीच्या गोळ्या, स्टिरॉइड, गर्भनिरोधक गोळ्या या सगळ्यांनी बीपी वाढू शकतं. खोकल्यासाठी रोज ज्येष्ठमध चघळत असाल तर तेही सांगा, जास्त दिवस घेतलं तर त्यानेही वाढतं. ॲसिडिटीसाठी रोज सोडा किंवा फसफसणारी पावडर पीत असाल तर त्यातून सोडियम जातं. सासऱ्यांच्या बाबतीत गुडघ्याची गोळी बंद करून डॉक्टरांनी दुसरी दिली आणि आठवडाभराचा कागद बघितला, तेव्हा ऑपरेशनची तारीख मिळाली.

सात दिवस, सकाळी दोन, संध्याकाळी दोन, म्हणजे २८ रीडिंग. पहिल्या दिवसाची चार सोडून द्या, उरलेल्या २४ ची सरासरी काढा, वरच्याची वेगळी, खालच्याची वेगळी. सात दिवस जमलंच नाही तर कमीत कमी तीन दिवस तरी. मशीनमध्ये आकडे सेव्ह असतात म्हणून लिहायचा कंटाळा करू नका, त्याच मशीनवर घरातली चार माणसं नि आलेले पाहुणे पण हात घालतात आणि कोणाचा आकडा कुठला ते कळत नाही.

आता सरासरी कशी वाचायची. घरची सरासरी १३५/८५ किंवा जास्त आली तर बीपी खरंच वाढलेलं आहे असं धरतात. दवाखान्यातली रेषा १४०/९० आणि घरची १३५/८५, घरची थोडी कमी का तर घरी माणूस निवांत असतो. दोन्हींपैकी एक आकडा ओलांडला तरी पुरे, वरचं १२८ पण खालचं ९२ असेल तर तेही वाढलेलंच. अमेरिकेत राहणाऱ्या मुलांचा इथे घरोघरी गोंधळ होतो, तिकडे २०१७ च्या गाईडलाईनपासून १३० /८० लाच हाय म्हणतात, आणि मुलगा फोनवर आईला सांगतो तुझं हाय आहे, इथले डॉक्टर म्हणतात ठीक आहे. दोघांपैकी कोणी चुकत नाहीये, रेषा वेगळी आहे एवढंच. शुगर, किडनी, हार्टचा आजार असेल तर डॉक्टर जास्त कडक राहतात, म्हणून तुमचं टार्गेट किती ते तुमच्या डॉक्टरांकडूनच घ्या.

दवाखान्यात जास्त, घरची सरासरी १३५/८५ च्या खाली, तर व्हाईट कोट असण्याची शक्यता दाट. पण म्हणून विषय संपला असं समजू नका. अशा लोकांपैकी बऱ्याच जणांचं पुढे काही वर्षांत कायमचं बीपी सुरू होतं, आणि उपचार न घेणाऱ्या व्हाईट कोटवाल्यांना हृदयाचा धोका एकदम नॉर्मल माणसापेक्षा थोडा जास्त असतो असंही अभ्यासांत दिसलंय. गोळी बहुतेकदा लगेच लागत नाही, पण मीठ कमी, तंबाखू बंद, चालणं, वजन, आणि वर्षातून एकदा तरी परत हाच आठवडाभराचा कार्यक्रम. मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत म्हणजे सगळं धरून एक छोटा सपाट चमचा, आणि त्यात पापड, लोणचं, फरसाण, वेफर्स, पाव, तयार सॉस सगळ्यातलं मीठ मोजायचं. जेवताना ताटात डावीकडे वाढलेलं मीठ बंद करणं ही सुरुवात चांगली आहे.

आता ते उलटे, दवाखान्यात नॉर्मल नि घरी जास्त. याला मास्क्ड हायपरटेन्शन म्हणतात आणि हे पकडलंच जात नाही कारण डॉक्टर बघतात तेव्हा १२६/८० असतं आणि सगळे खुश होतात. सिगारेट ओढणारे, कामाचं प्रचंड टेन्शन असणारे, शुगरवाले, किडनीवाले, घोरणारे लोक यात जास्त सापडतात. घरी जास्त येतंय आणि दवाखान्यात कमी आलं की "घरचं मशीनच खराब दिसतंय" म्हणून सोडून देऊ नका, उलट हाच कागद डॉक्टरांना हातात द्या. यांचा धोका खऱ्या बीपीवाल्यांच्या जवळपास असतो.

दोन्हीकडचे आकडे जुळतच नसतील तर डॉक्टर २४ तासांचं मशीन लावायला सांगतात, एबीपीएम म्हणतात त्याला, शहरातल्या बऱ्याच हार्टच्या डॉक्टरांकडे असतं. कमरेला छोटी डबी आणि दंडाला पट्टा, दिवसा पंधरा वीस मिनिटांनी आणि रात्री अर्ध्या तासाने हवा भरते. तेव्हा हात स्थिर ठेवायचा, बाकी रोजची कामं करायची, त्या दिवशी अंघोळ नाही, आणि कधी झोपलात कधी उठलात ते लिहायचं. झोप जरा मोडते पण फायदा मोठा, झोपेत बीपी किती उतरतं ते फक्त यातच दिसतं, साधारण १० ते २० टक्के उतरायला हवं. २४ तासांची सरासरी १३०/८० च्या खाली असेल तर चांगलं.

गोळ्या चालू असतील तर

घरचे आकडे छान येतायत म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करू नका. ते छान येतायत ते गोळीमुळे. आणि दवाखान्यात एकदा जास्त आलं म्हणून आपल्या मनाने दुप्पट पण करू नका. वयस्कर माणसांत ही दुसरी गोष्ट फार धोक्याची असते, दवाखान्यातल्या आकड्यावरून गोळ्या वाढत जातात, घरी बीपी खूप उतरतं, रात्री बाथरूमला उठताना चक्कर येते आणि खुब्याचं हाड मोडतं. साठी पासष्टी ओलांडलेल्यांनी उभं राहून पण बीपी मोजावं, आधी बसून घ्या, मग उभं राहिल्यावर एक मिनिटाने आणि तीन मिनिटांनी, जवळ कोणीतरी उभं असू द्या. वरचं २० ने किंवा खालचं १० ने उतरत असेल तर डॉक्टरांना सांगा. नाडी अनियमित असेल, म्हणजे ठोके मध्येच चुकतायत असं मशीनने दाखवलं, तर दोनाऐवजी तीन रीडिंग घ्या आणि एकदा ईसीजी काढून घ्या, अशा वेळी मशीनचे आकडे जरा कमीजास्त होतात.

गावाकडे मशीन घेणं जमत नसेल तर उपकेंद्रात, प्राथमिक आरोग्य केंद्रात बीपी मोफत मोजतात आणि ॲम्लोडिपिन, टेल्मिसार्टन यासारख्या गोळ्याही सरकारी केंद्रात फुकट मिळतात. महाराष्ट्र हा २०१७ मध्ये सुरू झालेल्या इंडिया हायपरटेन्शन कंट्रोल इनिशिएटिव्हमधल्या पहिल्या राज्यांपैकी आहे, त्यामुळे आशाताईंना विचारलं तर कुठे जायचं ते त्या सांगतील. शेजारी कोणाकडे मशीन असेल तर आठवडाभर मागून घ्या, फक्त पट्टा तुमच्या दंडाला बसतो का ते आधी बघा.

बीपी ताब्यात आलं, गोळी तीच आहे, मग रोज मोजायची गरज नाही, आठवड्यातून एखाद दोन दिवस पुरे. गोळी बदलली की दोन तीन आठवड्यांनी परत सात दिवसांचा कागद. भेटीला जाताना तोच कागद वर ठेवा, सरासरी मोठ्या अक्षरात, खाली चालू गोळ्यांची नावं नि वेळा, आणि डॉक्टरांनी पट्टा हातात घ्यायच्या आधीच तो त्यांच्या समोर सरकवा. मशीनचे सेल संपत आले की आकडे चुकतात नाहीतर एरर येतो, तेव्हा दर सहा महिन्यांनी बदलून टाका आणि बरेच दिवस वापरणार नसाल तर सेल काढून ठेवा.